हिरडवाडीचे लाल डबे

"हा डबा भरून गेला तेव्हा याचं वजन बघ," प्रभुणे सर म्हणाले, "आणि परत आला तेव्हाचं बघ. जास्त आहे. आता तू मला समजावून सांग, माणूस जेवल्यावर डबा जड कसा होतो?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडे तेच होते. हिरडवाडी गाव, ठकूबाई शिळीमकर यांचा डबा, आणि त्याच्यापुढे लाल ठिपका.

"काटा बिघडला असेल," मी म्हणालो.

"परवाही तू हेच म्हणालास. आपण काटा बदलला."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा तिशीच्या आत होतो आणि आकडे जमले की जग कळलं, अशा समजुतीत मजेत होतो. आमची संस्था भोर तालुक्यातल्या दूरच्या गावांमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण पोचवायची. मुलं पुण्या-मुंबईला, चूल पेटवायचा हुरूप गेलेला, अशी ही माणसं. स्वयंपाक भोरमध्ये व्हायचा, ऑफिस पुण्यात सहकारनगरला. प्रभुणे सर एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त होऊन संस्था चालवत होते आणि मी त्यांचा संगणकवाला.

जेवण स्टीलच्या डब्यांतून जायचं. आज भरलेला डबा द्यायचा आणि कालचा धुतलेला परत आणायचा. सुरुवातीला डबे इतके हरवले की विचारू नका. कुणाचे लग्नात गेले, कुणाच्या फडताळात बसले. तेव्हा आम्हाला देणगी देणाऱ्या कंपनीने त्यांची स्वतःची यंत्रणा आम्हाला वापरायला दिली. त्यांच्या कारखान्यात सुट्या भागांनी भरलेली प्लॅस्टिकची खोकी गावोगावी फिरायची आणि रिकामी होऊन परत यायची. कुठलं खोकं कुठे आहे, भरलेलं आहे की रिकामं, हे सगळं त्या यंत्रणेला ठाऊक असायचं. आम्ही खोक्यांच्या जागी डबे घातले. प्रत्येक डब्याच्या बुडाला एक चिप चिकटवली. डबे जाताना आणि परत आल्यावर स्वयंपाकघराच्या दारातल्या सरकत्या पट्ट्यावरून जायचे, पट्टा चिप वाचायचा, वजन घ्यायचा आणि ती माहिती क्लाउडवर जायची. तिथून ती माझ्या स्क्रीनवर उतरायची. बाहेर असलेला डबा पांढरा, रिकामा परतलेला हिरवा, भरलेला परतलेला लाल. नटबोल्टच्या खोक्याला जे दोन प्रकार लागू, तेच आमच्या डब्याला.

डबे हरवायचे थांबले. शिवाय कुठे जेवण वाया जातंय हेही कळू लागलं, त्यामुळे कंपनीची माणसं खूश झाली. त्यांनीच नियम घातला की ज्या गावाचे डबे सतत लाल येतील, तिथली गाडी बंद करून ती दुसऱ्या गावाला द्यायची. नियमात वावगं काही नव्हतं. जेवणासाठी वाट बघत असलेली गावं होतीच.

हिरडवाडी पहिले काही आठवडे हिरवीगार होती. मग एके दिवशी ठकूबाई शिळीमकरांचा डबा लाल झाला. म्हटलं, आजारी असतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. मग त्यांच्या शेजारचे दोन डबे लाल झाले, मग त्यांच्या पलीकडचे. गोवर पसरावा तसा तो रंग पसरत गेला आणि महिनाभरात अख्खं गाव लाल झालं.

आम्ही काय काय नाही केलं! काटा बदलला. यंत्रणा बनवणाऱ्यांचा एक माणूस बंगळुरूहून व्हिडिओवर आला आणि तासभर बोलून चिपा बदला म्हणाला. चिपा बदलल्या. मग मला वाटलं, दोष डब्यांतच असेल. म्हणून हिरडवाडीचे सगळे डबे नांदवलीला पाठवले आणि नांदवलीचे हिरडवाडीला. नांदवली हे आमचं सगळ्यांत गुणी गाव, पहिल्या दिवसापासून एकही लाल ठिपका नाही. तर ते हिरडवाडीचे बदनाम डबे नांदवलीहून हिरवे परत आले आणि नांदवलीचे सोन्यासारखे डबे हिरडवाडीला जाऊन लाल झाले. म्हणजे डबे निर्दोष होते.

मी हिरडवाडीला फोन लावला. तिथे देवळापाशीच तेवढी रेंज. गाडीवरच्या ढेबेंच्या फोनवर ठकूबाईंशी बोललो. जेवता का, म्हणून विचारलं. जेवतो की, म्हणाल्या. डब्यात उरतं का? छ्या, शीतसुद्धा नाही. जेवण कसं असतं? चांगलं असतं बाबा, तुम्हाला पुण्य लागेल.

मग मी भोरच्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या शेडमध्ये फोन केला. तिथल्या मुख्य शालनबाई. त्या म्हणाल्या, उरलेलं असतं, आम्ही टाकून देतो. मी म्हटलं, फोटो पाठवा. त्यांनी लगेच फोटो पाठवला. डब्यात अर्धा भात आणि थोडी आमटी. हे बघून मी थोडा वेळ निवांत झालो आणि मग जास्तच बुचकळ्यात पडलो. कारण अर्धा भात उरलेला डबा भरलेल्या डब्यापेक्षा जड कसा भरेल?

"म्हातारी माणसं खोटं कशाला बोलतील?" मी सरांना म्हणालो.

"नाही बोलणार. पण यंत्र तरी कशाला बोलेल?" सर म्हणाले. "मला एवढंच दिसतंय की ते जेवत नाहीत. का जेवत नाहीत ते मला कळत नाही, आणि कळेपर्यंत थांबायला वेळ नाही. सोमवारी कंपनीची मीटिंग आहे. हिरडवाडी बंद करून गाडी घाटापलीकडच्या गावाला द्यावी लागेल. तिथली माणसं खरोखर उपाशी आहेत रे."

सर दुष्ट नव्हते. उलट घाटापलीकडच्या त्या गावाचं नाव काढलं की त्यांचा आवाज ओला व्हायचा. मला मात्र राहवेना. ठकूबाईंचा फोनवरचा आवाज खणखणीत होता, न जेवणाऱ्या माणसाचा वाटत नव्हता. मी म्हटलं, सर, बंद करायच्या आधी मला एकदा जाऊन येऊ द्या. ते म्हणाले, जा, पण सोमवारच्या आत ये.

शुक्रवारी सकाळी मी भोरला जाऊन ढेबेंच्या टेम्पोत बसलो. ढेबे पन्नाशीचे, बोलके. सगळा रस्ता त्यांनी मला क्लाउड म्हणजे नक्की कुठे असतो ते विचारून हैराण केलं. माझं उत्तर त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं.

"ढेबे, परत येताना डबे तुम्हाला जड लागत नाहीत का?" मी विचारलं.

"लागत्यात की."

"मग उघडून कधी बघितलं नाही?"

त्यांनी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने समोरच्या काचेकडे बोट दाखवलं. तिथे एक कागद चिकटवला होता. डब्याचं झाकण चालकाने कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. खाली माझी सही.

हिरडवाडी धरणाच्या काठाकाठाने गेलेल्या रस्त्याच्या टोकाला होती. समाजमंदिराच्या ओट्यावर मंडळी आधीच जमलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात कालचा धुतलेला डबा, झाकणाची कडी नीट लावलेली. सगळे डबे लख्ख घासलेले होते, आमच्या शेडमध्येही इतके कधी निघत नसत. ढेबेंनी माझी ओळख करून दिली, हे पुण्याचे साहेब, डब्याचा हिशोब ठेवणारे. एक ठेंगणी, काटक म्हातारी काठी टेकत पुढे आली आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "फोनवर तूच का? लईच बारीक हायेस. तू जेवतोस का?"

त्या ठकूबाई. मी त्यांचा डबा उचलला. जड होता. कडी काढली आणि झाकण उघडलं.

आत पावट्याच्या शेंगा होत्या. ताज्या, टच्च भरलेल्या, वरपर्यंत दाबून घातलेल्या.

मी शेजारचा डबा उघडला. नाचणीचं पीठ. त्याच्या पुढच्यात गुळाचा खडा आणि दोन लिंबं. त्याच्या पुढच्यात भाताच्या तुसात अलगद ठेवलेली अंडी. एका म्हाताऱ्याच्या डब्यात तर खायचं काहीच नव्हतं, अंबाडीची वळलेली दोरी होती, गुंडाळी करून ठेवलेली. मी एकामागून एक झाकणं उघडत गेलो आणि माझं डोकं चक्रावत गेलं. मनात काहीच्या काही आलं. यांना कुणी सांगितलं की काय, की जेवणाच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं? ढेबे वसूल करतात की काय? मी ढेबेंकडे पाहिलं. ते माझ्यापेक्षा जास्त चकित होऊन अंड्यांकडे बघत होते. खड्ड्यांतून इतके दिवस आपण अंडी वाहत होतो, याचाच त्यांना धक्का बसला असावा.

"आजी, हे काय आहे?" मी ठकूबाईंना विचारलं.

"पावटा. दिसंना व्हय तुला?"

"पण हा डब्यात का घातलाय?"

आता चकित व्हायची पाळी त्यांची होती. त्यांनी ओट्यावरच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग काय डबा रिकामा लावून देऊ?" त्या म्हणाल्या. "तुझ्या आईनं काय शिकवलं का न्हाई तुला?"

शिकवलं होतं की. आमच्या आईच्या हातून कुणाची वाटी कधी रिकामी परत गेली नाही. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून जायची, आणि ती वाटी घेऊन शेजारी जायचं काम माझंच असायचं. पण ते घरातलं. चिप लावलेल्या, क्लाउडवर चढलेल्या डब्याच्या बाबतीत ते मला सुचलंच नव्हतं. प्रभुणे सरांनाही नाही आणि बंगळुरूच्या माणसालाही नाही. मी ओट्यावरच बसलो आणि मोठ्याने हसलो. इतका हलका झालो होतो की काय सांगू. गाव जेवत होतं, भांडी घासून परत देत होतं आणि वर परतफेड करत होतं. गाडी बंद व्हायचं काही कारण नव्हतं.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. आमच्याकडे डब्याचं वजन होतं, यंत्राला वाटतं हे जेवण उरलंय, त्यामुळे तुमची गाडी बंद व्हायची वेळ आली होती. आता काळजी करू नका. उद्यापासून फक्त डबे रिकामे पाठवा, म्हणजे झालं.

मला वाटलं, सगळे हो म्हणतील. पण दोरीवाला म्हातारा धरणाकडे बघायला लागला. एका बाईने आपला डबा हळूच मागे ओढून पदराआड घेतला.

"मंग बंद करा गाडी," ठकूबाई म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. मी त्यांना पुन्हा सांगितलं, अगदी सोपं करून. दुसरी वाटही काढून दिली की काही द्यायचंच असेल तर पिशवीत घालून ढेबेंच्या हातात द्या, डबा तेवढा मोकळा ठेवा.

"पिशवी माजी. डबा तुझा," त्या म्हणाल्या. "पिशवीत काय बी घातलं तरी तुझा डबा रिकामाच गेला का न्हाई?"

त्यांचं चुकलं होतं असं म्हणवेना. माझी चिडचिड व्हायला लागली. इतक्या लांब येऊन मी यांची गाडी वाचवतोय आणि ही माणसं मूठभर पावट्यासाठी हट्ट धरून बसली आहेत, असं वाटलं, आणि तसंच मी बोलून गेलो. म्हणालो, आजी, मूठभर शेंगांसाठी अख्ख्या गावाचं जेवण घालवणार का?

त्या माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. काठी आडवी मांडीवर ठेवली.

"तुझा डबा पयल्यांदा आला तवा म्या काय केलं ठावं हाय का?"

"काय केलं?"

"गाडी गावात आल्याली, ढेबे दमून आल्याला. न्हाई कसं म्हनायचं? घेतला डबा. घरी नेला आन् म्हशीम्होरं वतला. दुसऱ्या दिशी बी तसंच. रोज डबा धुवून मोकळा लावून द्येत हुते."

"का? चव नव्हती का?"

"चवीचं म्हशीला इचार," त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी पदरात हसलं. "आरं, म्या जल्मात कुनाचं फुकाट खाल्लं न्हाई. मालक गेले, ल्योक ममईला गेला, तवा बी न्हाई. दोन दिस उपाशी ऱ्हायले, पर कुनाच्या दारात गेले न्हाई. आन् आता म्हातारपनी गाडीतनं आल्यालं घ्यायाचं, खायाचं आन् भांडं मोकळं लावून द्यायाचं? घास घशाखाली उतरंना माज्या."

"मग?"

"मंग म्हैस इकली. मला वैरन आनाया व्हईना. त्या दिशी डबा आला, आन् अन्न टाकायचं कुटं? चुलीत घालू? भूक बी लागल्याली. बसले आन् खाल्लं. खाल्लं, आन् मंग डबा तसाच लावाया हात धजंना. परड्यात पावटा हुता, त्यो घातला. त्या दिवसापून जेवते बग मी. सुखानं जेवते. कुनाचं उपकार न्हाईत माज्यावर. तू भात लावतोस, म्या पावटा लावते."

त्यांनी काठीने मागच्या मंडळींकडे खूण केली.

"ह्यांचं ह्यांना इचार."

मी मागे वळलो. मंडळी इकडेतिकडे बघत होती. दोरीवाला म्हातारा घसा खाकरून म्हणाला, त्याचं कोंबड्यांना जात होतं. त्याला फक्त दोरी वळता येते, म्हणून दोरी. अंडी पाठवणारी बाई म्हणाली, ती शेजारणीच्या शेरडाला घालायची, ठकूबाईनं सांगितल्यावर तीही बसून जेवायला लागली. मग एकेकाने सांगितलं. कुणाला लाज वाटत होती आणि कुणाला गंमत.

मी तिथे बसून मनातल्या मनात तो सगळा महिना उलटा करून बघत होतो. गाव हिरवंगार होतं तेव्हा म्हशी जेवत होत्या, कोंबड्या जेवत होत्या. ठिपका लाल झाला तो, माणूस जेवायला लागला त्या दिवशी. माझ्या स्क्रीनवर जे रोगासारखं पसरताना दिसत होतं, ती घरोघर ताटावर बसणारी माणसं होती. आणि मी आत्ताच त्यांना सांगितलं होतं की पुन्हा हिरवे व्हा.

ठकूबाईंनी आजचा भरलेला डबा उघडून वास घेतला. भेंडीची भाजी होती. त्यांनी डबा पुन्हा बंद केला आणि तो आपल्याजवळ ओढला नाही. दोन्ही डबे, भरलेला आणि पावट्याचा, माझ्यासमोर शेजारीशेजारी ठेवले.

"न्यायचे तर दोनी ने," त्या म्हणाल्या. "न्हाईतर ह्यो ऱ्हाऊ दे आन् त्यो ने."

मी पावट्याचा डबा उचलला. बाकीच्यांचेही जसेच्या तसे टेम्पोत चढवले. अंड्यांचा डबा ढेबेंनी स्वतःच्या हाताने सीटवर मधोमध ठेवला आणि भोरपर्यंत टेम्पो इतका सावकाश चालवला की मागून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून जीव घेतला. वाटेत मी सरांना काय सांगायचं याचा विचार करत होतो. वजन म्हणजे उरलेलं अन्न नव्हे, एवढं सांगणं सोपं होतं. पण रिकामा म्हणजे जेवलेला, हेच जर खरं नसेल, तर आम्ही इतके दिवस मोजत काय होतो?

भोरला पोचल्यावर मी पट्ट्याशेजारी उभा राहिलो. हिरडवाडीचे डबे एकामागून एक सरकत गेले आणि दारावरच्या छोट्या स्क्रीनवर एकामागून एक लाल होत गेले. पलीकडे शेडमध्ये शालनबाई सुपं मांडून तयारच होत्या. एक पावट्याला, एक पिठाला. मला बघून त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

फोटो कुठला होता, मी विचारलं. शिरवळकडच्या गाडीतल्या डब्याचा, त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुमी बंद केलं असतं. आमी वाटून नेतो घरी. टाकायचं कसं, सांगा? कुनी मनानं घातलंय." त्यातही खोटं काही नव्हतं, आणि आम्ही बंदच केलं असतं. त्यांना बोलायला मला तोंड नव्हतं आणि त्या दिवशी डोकंही नव्हतं. मी थोडा पावटा मागून घेतला आणि पुण्याला आलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ऑफिसात सर एकटेच होते, मीटिंगची तयारी करत. मी पावटा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, म्हशीसकट. मला वाटलं होतं, ते हसतील किंवा चिडतील. ते शेंगा सोलत ऐकत होते. एक शेंग सोलायची, दाणे एका बाजूला, साल दुसऱ्या बाजूला.

"डबे पट्ट्यावर जायच्या आधी उघडायचे," शेवटी ते म्हणाले. "दारात एक टेबल टाकू. जे निघेल ते शालनला आपल्याच स्वयंपाकात घालायला सांग. तिलाही त्यातलं घरी नेऊ दे. आणि हिरडवाडीची गाडी चालू राहील. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो."

"आणि घाटापलीकडचं गाव?"

"त्यांच्यासाठी दुसरी गाडी मागू. भांडू. पण हिरडवाडीची काढून द्यायची नाही."

बरं वाटलं. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागलो, पण सरांनी मला हाताने थांबवलं. ते स्क्रीनकडे बघत होते. सोमवारी कंपनीला दाखवायला त्यांनी आमची उत्तम गावं निवडून ठेवली होती. सगळ्यांत वर नांदवली. पहिल्या दिवसापासून स्वच्छ, एकही लाल ठिपका नाही. त्याखाली आणखी गावं, तशीच हिरवी. सरांनी पान हळूहळू खाली सरकवलं. हिरवं संपेचना.

"सारंग," ते म्हणाले, "इथं कोण जेवतंय रे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्या हिरव्या रंगाकडे बघता बघता मला खरंच भीती वाटली. लाल ठिपक्यांना मी इतके दिवस घाबरत होतो, पण अशी भीती त्यांची कधी वाटली नव्हती. सर म्हणाले, लोक जेवतही असतील, सगळीकडे ठकूबाई थोड्याच असतात. मी म्हटलं, हो, जेवतही असतील. दोघांचाही एकमेकांच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही.

सोमवारची मीटिंग सरांनी दुपारवर ढकलली. सकाळी आम्ही दोघं ढेबेंच्या टेम्पोत पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. नांदवलीच्या रस्त्यालाही त्या दिवशी ढेबेच होते. वाटेत ढेबेंनी सरांनाही क्लाउडबद्दल विचारून पाहिलं, पण उत्तर मिळालं नाही.

गावाच्या अलीकडे, वळणावर, कुत्री बसली होती. चांगली गुबगुबीत, अंगावर तकाकी असलेली. टेम्पो दिसल्याबरोबर ती उठून शेपट्या हलवायला लागली.

"कवा बी या, हितंच असत्यात," ढेबे कौतुकाने म्हणाले. "गाडीचा टाइम बराबर ठावं हाय त्यास्नी."

त्यांनी हॉर्न वाजवला. कुत्री वळली आणि टेम्पोच्या पुढे गावात पळत सुटली. आम्ही मागोमाग आत शिरलो तोपर्यंत एकेक कुत्रं एकेका दारात जाऊन बसलं होतं.